ट्रॉलीवरचं फिरतं स्टेज

प्रश्न : आमचं वहीगायनाचं, म्हणजे डफाच्या तालावर गायच्या खानदेशी लोकगीतांचं, मंडळ आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्टेज करून गावोगाव जायचं ठरतंय. काय सांभाळावं?
– एक वाचक, चोपडा तालुका

उत्तर : भाऊ, जरूर करा. मी ११ वर्षं शिरपूर-शहाद्याकडे अशीच ट्रॉली फिरवतोय, म्हणून आधी जमिनीचं सांगतो. तापीकाठची काळी माती भिजली की लोण्यासारखी होते. एका श्रावणात, कानबाई या खानदेशी देवीच्या कार्यक्रमात, ट्रॉलीला टेकू दिलेला आमचा एक जॅक वीतभर खचला आणि डफवाले एका अंगाला घसरले. कोणाला लागलं नाही, पण ती रात्र मी विसरलेलो नाही. तेव्हापासून प्रत्येक जॅकखाली जाड, रुंद फळी घालतो, चाकांना दगड लावतो आणि कलाकार चढण्याआधी स्वतः चारही कोपऱ्यांत पाय आपटून बघतो.

बाजूचे फाळके आडवे उघडून खाली टेकू दिले, तर डफवाल्यांचे हात मोकळे राहतात. जनरेटर लांब ठेवा, अर्थिंग चुकवू नका. कलाकारांना ट्रॉलीत बसवून कधीच नेऊ नका. त्यांच्यासाठी वेगळी गाडी करा.

ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्याची परवानगी आधीच घ्या. लाउडस्पीकर रात्री १० ला बंद करावा लागतो आणि वही तर रात्रभर रंगणारी. म्हणून आम्ही दिवेलागणीलाच डफावर थाप मारतो. म्हाताऱ्या आया-बायाही तेव्हा पुढे येऊन बसतात.