भ्रमाच्या खोलीत उभ्या असलेल्या मुलाला भ्रम दिसत नसतो

तुम्ही विचारलंय की साडेचार आणि नऊ वर्षांच्या दोन मुलांना दृष्टिभ्रमाच्या म्युझियममध्ये न्यावं का, धाकटा घाबरेल का, आणि तिथे नुसते फोटोच काढायचे असतात हे खरं का. मी बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवते. घरची मुलं, भाचरं आणि वर्गाच्या सहली अशा सगळ्यांबरोबर या ठिकाणी जाऊन आले आहे. जरूर न्या. पण एक गोष्ट आधी समजून घ्या, कारण ती कळली नाही तर धाकट्याचा दिवस वाया जाईल.

इथल्या बऱ्याचशा खोल्यांमध्ये गंमत दिसते ती बाहेरून बघणाऱ्याला. आत उभा असलेल्याला काहीही वेगळं दिसत नाही.

सगळीकडे असणारी एम्स रूमच घ्या. एका कोपऱ्यात उभं राहिलेलं माणूस राक्षसाएवढं दिसतं आणि दुसऱ्या कोपऱ्यातलं बोटभर. माझी मुलगी सहा वर्षांची असताना आम्ही तिला तिथे उभं केलं आणि सगळे बाहेरून बघून हसायला लागलो. ती बाहेर आली तेव्हा डोळे भरलेले. "सगळे मला का हसत होते?" तिच्या दृष्टीने ती एका रिकाम्या खोलीत उभी होती आणि घरचे लोक तिच्याकडे बघून हसत होते, बस्स. मग मी तिला बाहेरून आत बघायच्या भोकाशी उभं केलं आणि स्वतः आत जाऊन एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे सावकाश चालत गेले. "आई, तू छोटी होतेयस! परत कर!" असं पाच-सहा वेळा झालं. नंतर ती आपणहून आत गेली, मागच्या भिंतीवरून हात फिरवत चालली आणि मध्येच थांबून म्हणाली, "ही खिडकी वाकडी आहे." तिने खोलीचं गुपित हाताने शोधून काढलं होतं. त्या खोलीची मागची भिंत तिरपी असते, एक कोपरा दुसऱ्यापेक्षा बराच लांब असतो, तिकडे जमीन खाली उतरत जाते आणि छत वर चढतं. एका ठरावीक जागेवरून बघितलं की हे सगळं मिळून साधी चौकोनी खोली भासते. खोली चौकोनी आहे असं मेंदूने एकदा धरलं की लांबच्या माणसाला 'लहान' ठरवण्यावाचून त्याला पर्याय उरत नाही.

म्हणून माझा नियम असा: प्रत्येक खोलीत मुलाने आधी बघायचं, मग आत जायचं. आत तुम्ही जा, तुम्ही लहान-मोठे व्हा. लहान मुलांना आई-बाबा बोटभर झालेले बघण्यात जो आनंद होतो तो स्वतःच्या फोटोत होत नाही.

आता फोटोंबद्दल. तिथे फोटो भरपूर काढतात हे खरं आहे, आणि त्याला कारणही आहे. कॅमेऱ्याला एकच डोळा असतो. आपले दोन डोळे थोड्या वेगळ्या जागांवरून बघतात, त्यामुळे जवळची वस्तू किती लांब आहे हे आपल्याला कळतं आणि भ्रम ढिला पडतो. जमिनीवर रंगवलेली दरी असो की भिंतीतून बाहेर येणारा प्राणी, दोन्ही डोळ्यांनी बघितलं की ते चित्र आहे हे लक्षात येतं. कॅमेऱ्यातून मात्र खरं वाटतं. नऊ वर्षांच्या मुलाला हे नक्की करून बघायला सांगा: चित्र जिथून बघायचं त्या जमिनीवरच्या खुणेवर उभं राहायचं, एक डोळा हाताने झाकायचा, मग उघडायचा, परत झाकायचा. उलट्या खोलीतली गंमतही फोटोतच दिसते. तिथे टेबल-खुर्च्या छताला चिकटवलेल्या असतात आणि फोटो फिरवला की आपण छतावर चालतोय असं दिसतं. साडेचार वर्षांच्या मुलाला त्या खोलीचं कौतुक तिथे उभं राहून कळणार नाही. फोन त्याच्या हातात द्या, फोटो त्यालाच फिरवू दे, मग बघा. (मुलींना त्या दिवशी घेरदार फ्रॉक नको, पँट बरी. काही ठिकाणी बूटही काढायला लावतात.)

तुमचा खरा प्रश्न घाबरण्याचा आहे. भीती वाटण्यासारख्या जागा मला दोनच वाटतात.

पहिली म्हणजे फिरता बोगदा. मधून एक पूल जातो आणि भोवती ठिपक्यांचा किंवा दिव्यांचा मोठा पिंप गोल फिरत असतो. पूल तसूभरही हलत नाही, पण पाय ठेवल्या ठेवल्या आपण एका बाजूला झुकायला लागतो आणि कठडा पकडतो. शेजारची गाडी सुटली की आपलीच गाडी चालू झाली असं वाटतं ना, तोच प्रकार. नजरेच्या कडेपर्यंत सगळं दृश्य एका दिशेने सरकायला लागलं की मेंदू समजतो, आपणच हलतोय. कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव 'तू स्थिर आहेस' म्हणत असतो, पण अशा वेळी डोळ्यांचं पारडं जड होतं. माझा पाच वर्षांचा भाचा या पुलावर दोन पावलं टाकून मटकन खाली बसला आणि मोठ्याने रडायला लागला. मी त्याच्या शेजारी बसले, त्याला डोळे मिटायला सांगितले आणि त्याचा तळहात पुलाच्या फळीवर ठेवला. "हलतंय का?" तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "नाही." डोळे उघडले, "हलतंय!" पुन्हा मिटले. असं चारदा केल्यावर रडणं थांबलं आणि आम्ही हात धरून, डोळे मिटूनच पलीकडे गेलो. परतताना तो उघड्या डोळ्यांनी आला. तुमच्या धाकट्याला आधी बाहेर उभं राहून दुसऱ्यांना जाताना बघू द्या. नको म्हणाला तर अजिबात ओढू नका. गाडी लागणाऱ्या मुलांना तिथे मळमळतं, मोठ्यांनाही मळमळतं.

दुसरी जागा म्हणजे पोकळ मुखवटे. भिंतीतला चेहरा आपण चालू लागलो की मान वळवून आपल्याकडे बघत राहतो. प्रत्यक्षात तो साच्यासारखा आत गेलेला असतो, पण आतल्या बाजूला खोल असलेला चेहरा आपण आयुष्यात बघितलेलाच नसतो, म्हणून मेंदू तो बाहेर आलेलाच मानतो. मुलाला उचलून अगदी बाजूने दाखवा, नाकाच्या जागी खड्डा आहे हे दिसलं की भीती ओसरते.

आरशांच्या चक्रव्यूहात भीतीपेक्षा आपटण्याचा धोका जास्त. पळायचं नाही, हात पुढे, हे आधीच बजावा.

आता भिंतीवरची चित्रं. बहुतेक घरची मंडळी ती ओलांडून पुढे जातात, आणि माझ्या मते खरा खजिना तिथेच असतो. एका चित्रात दोन सारखी वर्तुळं असतात, एकाभोवती मोठी वर्तुळं, दुसऱ्याभोवती छोटी. मोठ्या माणसांना मधली वर्तुळं लहान-मोठी दिसतात. तुमचा साडेचार वर्षांचा मुलगा कदाचित म्हणेल, "दोन्ही सेम आहेत." त्याला 'नीट बघ' म्हणू नका, तो नीटच बघतोय! सुमारे सात वर्षांखालची मुलं या भ्रमात मोठ्यांपेक्षा कमी फसतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. आजूबाजूच्या गोष्टींशी तुलना करत बघण्याची सवय हळूहळू वाढत जाते. तसंच बदक-सशाच्या चित्राचं. चार वर्षांच्या आसपासच्या अनेक मुलांना बदक दिसलं की बदकच दिसत राहतं, ससा आहे हे सांगूनही चित्र उलटत नाही. म्हणून प्रत्येक चित्रापुढे एकच प्रश्न विचारा, "तुला काय दिसतंय?" आणि दोघांना वेगळं दिसलं तर दोघांचं ऐकून घ्या.

नऊ वर्षांच्या मुलाच्या खिशात एक छोटी पट्टी आणि दोऱ्याचा तुकडा द्या. बाणांची टोकं आत-बाहेर असलेल्या, सारख्याच लांबीच्या पण लहान-मोठ्या भासणाऱ्या दोन रेघा असतात, जर्मन अभ्यासक म्यूलर-लायर यांनी 1889 मध्ये मांडलेला हा भ्रम. त्या त्याने दोऱ्याने मोजाव्यात. काळ्या-पांढऱ्या टाइल्सच्या मधल्या तिरप्या भासणाऱ्या रेघांवर पट्टी धरावी. हा नमुना 1970 च्या दशकात इंग्लंडमध्ये ब्रिस्टलमधल्या एका कॅफेच्या भिंतीवर लक्षात आला आणि मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी यांनी त्याचा अभ्यास केला. माझ्या वर्गातला एक मुलगा मोजून झाल्यावर वैतागून म्हणाला होता, "बाई, मला कळलंय की सारख्या आहेत, तरी सारख्या दिसत का नाहीत?" इतका मोलाचा प्रश्न मी सहलीत क्वचित ऐकला आहे. माहिती झाली म्हणून भ्रम जात नाही, कारण बघणारी यंत्रणा आपल्या माहितीची वाट न बघता आपलं काम उरकून मोकळी होते.

दोन आरशांमधला कोन बदलता येत असेल तर तिथे थांबा. साठ अंशांच्या कोनात मधल्या वस्तूच्या पाच प्रतिमा दिसतात, मुलांना मोजू द्या, मग कोन कमी करून पुन्हा मोजू द्या. अनंत बोगद्यासारख्या आरशात लांबच्या प्रतिमा अंधुक का होत जातात हेही मोठ्याला विचारा. प्रत्येक वेळी परतताना थोडा प्रकाश कमी होत जातो.

दोन गोष्टी काळजीच्या. घरात कुणाला फिट्सचा त्रास असेल तर लुकलुकणारे दिवे कुठल्या दालनात आहेत ते दारातच विचारा आणि ते टाळा. आणि दोन्ही डोळ्यांनी बघायच्या त्रिमितीय चित्रांत एखाद्या मुलाला कधीच खोलपणा जाणवत नसेल तर त्याला चिडवू नका, डोळे तपासून घ्या. दोन डोळे एकत्र काम करत नसतील तर ते असंच लक्षात येऊ शकतं, आणि आळशी डोळ्यावरचे (एका डोळ्याची नजर कमी राहते त्यावरचे) उपचार लहान वयात जास्त लागू पडतात. चष्मा असेल तर तो घालूनच फिरायचं.

वेळ एक ते दीड तास पुरे. त्यानंतर मुलांचे डोळे थकतात आणि सगळंच सारखं वाटायला लागतं. सुट्टीचा दिवस टाळून सकाळी उघडल्या उघडल्या गेलात तर खुणेवर उभं राहायला रांग लागणार नाही, आणि धाकट्याला बोगद्यापाशी हवा तितका वेळ घेता येईल. सगळं बघून झालंच पाहिजे असं काही नाही.

निघायच्या आधी सर्पिल रेघांच्या फिरत्या चक्रीपाशी जा. तिच्या मध्यावर तीसेक सेकंद टक लावून बघायचं आणि मग पटकन स्वतःच्या तळहाताकडे. चक्री आत ओढली जातेय असं वाटत असेल तर हात फुगताना दिसतो. माझा भाचा त्या संध्याकाळी घरी येईपर्यंत दर थोड्या वेळाने तळहात उघडून बघत होता, अजून फुगतोय का म्हणून.