सगळ्यात लहान पिस्तूल घेताय? आधी हे वाचा

तुम्ही लिहिलंय की पावणेतीनशे ग्रॅमचं थ्री-एटी पिस्तूल (म्हणजे .380ची, नेहमीच्या नाइन एमएमपेक्षा आखूड आणि कमी जोराची गोळी झाडणारं) जवळजवळ ठरवलंय, खिशात ठेवलं की कळतसुद्धा नाही आणि दुकानदारही तेच घ्या म्हणतोय. वाचून हसू आलं, कारण मीही नेमकं हेच केलं होतं. परवाना, कायदा, चापावर बोट कधी ठेवायचं हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

मी दुकानात ते हातात घेतलं, खिशात घालून पाहिलं आणि पैसे दिले. एकही गोळी झाडून न बघता! पहिल्याच चांदमारीत कळलं की करंगळीला टेकायला मूठच नाही. वजन कमी म्हणून झटका थेट तळव्यात. पन्नास गोळ्यांनंतर अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलली. मग आज नको, पुढच्या आठवड्यात बघू, असं करत वर्षभरात मी जेमतेम तीनदा सराव केला. पुढे एका प्रशिक्षणात घाईत पकड सैल पडली, स्लाइड, म्हणजे गोळी सुटल्यावर मागेपुढे सरकणारा वरचा भाग, पूर्ण मागे गेली नाही आणि रिकामी पुंगळी मधेच अडकून उभी राहिली. हलक्या पिस्तुलात हे फार होतं. मनगट ढिलं पडलं की संपलं.

बदलून घ्यावं म्हटलं, तर परवान्यावर त्या पिस्तुलाचा क्रमांक चढलेला. कार्यालयाचं नाव घेत नाही, पण एका खिडकीवर म्हणाले आधी जुनं विका, दुसरीवर म्हणाले आधी नव्याची परवानगी आणा. सात महिने! साहेब रजेवर, शिक्का दुसऱ्या टेबलावर. असो. तुमच्याकडे नियम वेगळे असतील, खरेदीआधी बदलीची पद्धत लेखी विचारून घ्या.

आता माझं मत, आणि ते मतच समजा, मी प्रशिक्षक नाही. लपवायला अडचण पिस्तुलाच्या लांबीची नसते, मुठीची असते. शर्टातून टोक दिसतं ते मुठीचं. म्हणून नळी थोडी लांब चालेल, पण तीन बोटं नीट बसली पाहिजेत. ग्लॉक 19 या मध्यम आकाराच्या नाइन एमएम पिस्तुलात 15 गोळ्या बसतात, झाडायला सुखाचं, पण सडपातळ माणसाला जाड वाटू शकतं. 2018 साली सिग पी 365 हे छोटं पिस्तूल आलं तेव्हा एवढ्याशा अंगात नाइन एमएमच्या 10 गोळ्या बसवल्या, त्यानंतर थ्री-एटीसाठी माझ्याकडे फारसं कारण उरलं नाही. अपवाद एकच: हातात जोर कमी असेल आणि स्लाइड ओढवत नसेल तर. काही थ्री-एटींची स्लाइड मुद्दाम हलकी केलेली असते. मात्र सगळ्यात चिमुकल्यांची बहुधा नसते, स्प्रिंग आखूड आणि ताठ असते. पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्वर पुंगळी अडकवत नाही हे खरं, पण चाप जड, आणि हलक्या सांगाड्याचं असेल तर झटका विचारू नका.

कुणाचं तरी मागून घ्या, भाड्याने मिळत असेल तर भाड्याने घ्या, शंभर गोळ्या झाडा. हात परत उचलावासा वाटला तरच पैसे काढा.

पट्ट्यावर कंजुषी नको. साधा मऊ पट्टा वजनाने लोंबतो आणि दिवसभर तुम्ही पँट वर ओढत बसता. होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, चाप पूर्ण झाकणारं, कडक. खिशात ठेवणार असाल तरी होल्स्टर हवंच, आणि त्या खिशात किल्ल्या, नाणी काहीच नको.

माझं ते लहानगं अजून कपाटात कुलूपबंद आहे. शेवटी दुसऱ्या पिस्तुलाची परवानगी मिळाली, पण हे विकायचं तर परत त्याच खिडकीवर जावं लागेल.