तलावाकाठी तंबूत राहून पक्ष्यांचे फोटो काढायला ३०० मिमीची लेन्स पुरेल का?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे: डिसेंबरात मुंबईहून दोन रात्रींसाठी एखाद्या तलावाकाठी तंबूत राहायला जायचे आहे, हाताशी साधा डीएसएलआर आणि ७०-३०० मिमीची लेन्स आहे, आणि एवढ्या साहित्यावर पक्ष्यांचे व इतर वन्यजीवांचे बरे फोटो मिळतील की आधी ६०० मिमीची लेन्स घ्यावी, हे आपल्याला ठरवायचे आहे. माझे मत असे आहे की लेन्स आहे तीच राहू द्यावी आणि तंबू कोठे लागणार, आपण कोणत्या काठावर किती वाजता बसणार, याच्यावर सगळा विचार खर्च करावा.

याला साधे गणित आहे. आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी पट्टी, पूर्ण चौकटीच्या (फुल फ्रेम) सेन्सरपेक्षा लहान, साधारण २३.५ मिमी रुंद असणार, असे मी धरून चालतो. अशा कॅमेऱ्यावर ३०० मिमीच्या लेन्सने १० मीटरवर पाहिले, तर चौकटीत सुमारे ७८ सेंमी रुंदीचा भाग मावतो. छोटा खंड्या जेमतेम १७ सेंमी लांब असतो, म्हणजे तो चौकटीच्या रुंदीचा पाचवा भाग व्यापतो आणि फोटो पाहणाऱ्याला तो बोट ठेवून दाखवावा लागतो. हेच अंतर ५ मीटर झाले की तो दुप्पट मोठा दिसतो, आणि ६०० मिमीची लेन्स १० मीटरवरून याहून वेगळे काही साधत नाही. शिवाय मधली हवा जितकी कमी, तितकी पिसे स्वच्छ उमटतात. दुपारी तापलेल्या पाण्यावरून थरथरणाऱ्या हवेतून काढलेला लांबचा फोटो कितीही महागड्या लेन्सने काढला तरी मऊच, म्हणजे अस्पष्ट, येतो.

राहता राहिला प्रश्न ५ मीटरवर पोहोचण्याचा. चालत येणाऱ्या उभ्या माणसाला पक्षी फार लांबून ओळखतात, पण त्यांच्या येण्याआधीच बसलेल्या आणि न हलणाऱ्या माणसाकडे ते बऱ्याचदा दुर्लक्ष करतात. छोटा खंड्या तर मासे धरण्यासाठी ठरलेल्या दोन-तीन बैठकींवरच पुन्हा पुन्हा येतो. पहिल्या दिवशी दुपारी पोहोचल्यावर कॅमेरा बाजूला ठेवून काठाने एक फेरी मारा आणि पाण्यावर झुकलेल्या फांद्या, रोवलेले बांबू, एकटे उभे दगड नीट पाहा. ज्याच्या डोक्यावर किंवा कडेला विष्ठेचे ताजे पांढरे ओघळ दिसतील, ती जागा कोणाच्या तरी वापरातली आहे. दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी तेथून सहा-सात मीटरवर, झुडपाच्या किंवा खडकाच्या आडोशाला, जमिनीवर चटई टाकून बसावे. तंबूत राहण्याचा खरा फायदा हाच, कारण पहाटे मुंबईहून निघालेला माणूस पोहोचेपर्यंत तलावावरची चांगली वेळ सरलेली असते.

काठ निवडताना दिशा पाहावी. सकाळी सूर्य पाठीशी हवा असेल, तर आपण पूर्वेच्या काठावर बसून पश्चिमेकडे पाहायला हवे. संध्याकाळी याच्या उलट. सह्याद्रीत मात्र एक अडचण येते: पूर्वेला उंच डोंगर असेल, तर सूर्य उगवूनही पाण्यावर ऊन उशिरा उतरते आणि तोवर प्रकाशाचा कोवळेपणा गेलेला असतो. त्यामुळे नकाशावर तलावाबरोबर डोंगरही पाहून ठेवावेत. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा साडेसहापासून साडेनऊपर्यंतचा वेळ आपला. त्यानंतर न्याहारी करावी आणि झोप काढावी.

कोणता तलाव, हेही आपण विचारले आहे. पवना धरणाच्या काठी तंबूंची सोय भरपूर आहे आणि मुंबईहून जाणे सोपे आहे, पण शनिवार-रविवारी अनेक ठिकाणी रात्री उशिरापर्यंत स्पीकर वाजत असतात आणि शेकोट्या पेटलेल्या असतात. पक्ष्यांसाठी जायचे असेल, तर सुट्टी टाकून आठवड्याच्या मधल्या वारी जावे, आणि नोंदणी करतानाच संगीत किती वाजता बंद होते हे स्पष्ट विचारावे. भंडारदऱ्याला प्रवरेवर १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या विल्सन धरणाचा जलाशय आहे आणि तो मला अधिक आवडतो. तेथला बराचसा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे तंबू परवानगी असलेल्या जागीच लावावा. लोकलने कसाऱ्यापर्यंत आणि पुढे घोटीमार्गे गाडीने जाता येते. परंतु अशा खोल, खडकाळ काठांच्या जलाशयांवर बदकांचे थवे फारसे मिळत नाहीत, कारण बहुतेक बदकांना आणि चिखलपायी पक्ष्यांना उथळ पाणी लागते. येथे खंड्या, पाणकावळे, वंचक (ढोकरी), धोबी, टिटव्या आणि वर घिरट्या घालणारे शिकारी पक्षी यांच्यावर समाधान मानावे. बदकेच हवी असतील, तर नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर गाठावे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचून तेथे उथळ पाणी, बेटे आणि पाणवनस्पती तयार झाल्या आहेत, आणि महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून ते ओळखले जाते. तेथे मुक्काम जवळच्या गावात करून सकाळी आत जावे.

आता प्रत्यक्ष फोटोबद्दल. कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर आणणे, ही एकच गोष्ट केली तरी फोटो बदलतो. उभ्याने वरून काढलेल्या टिटवीमागे चिखल दिसतो. चटईवर पालथे पडून काढलेल्या टिटवीमागे लांबचे पाणी येते आणि ते आपोआप धूसर होते. ट्रायपॉड यासाठी उंच पडतो. जाड कापडी पिशवीत किलोभर राजमा भरून तिच्यावर लेन्स टेकवली की काम भागते, आणि परतताना राजमा घरी उपयोगी पडतो. बसलेल्या पक्ष्याला १/५०० ते १/८०० आणि उडत्या पक्ष्याला किमान १/२००० सेकंद शटर स्पीड ठेवावा, अॅपर्चर (प्रकाश आत येण्याचे छिद्र) लेन्स देईल तितके उघडे ठेवावे आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) कॅमेऱ्यावर सोपवावा. थोडे दाणे आले तरी चालतात, हललेला फोटो मात्र दुरुस्त होत नाही. गडद पाण्यावरचा पांढरा बगळा कॅमेरा हमखास जास्त उजळ करतो आणि पिसांतला सारा तपशील जळून जातो, म्हणून तेथे एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश) कमी करावे. चकाकत्या पाण्यावरच्या काळ्या पाणकावळ्याला ते तितकेच वाढवावे लागते. फाइल रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात) घ्यावी, म्हणजे यातली चूकभूल नंतर थोडीफार सावरता येते.

उडत्या पक्ष्याचा सराव करायचा असेल, तर कवड्या खंड्यासारखा गुरू नाही. हा काळा-पांढरा पक्षी पाण्यावर एका जागी पंख फडफडवत हवेत थांबतो. पंख धूसर दिसावेत इतके वेगाने हलत असतात, पण चोच खाली रोखलेले डोके जवळजवळ स्थिर असते, आणि फोकस तेथेच धरायचा असतो. मग तो पंख मिटून दगडासारखा खाली येतो. छातीवर दोन काळे पट्टे असतील तर नर आणि एकच, तोही मधे तुटलेला असेल, तर मादी. वंचकाचे कौतुक वेगळे आहे: चिखलाच्या रंगात मिसळून तो समोर असूनही दिसत नाही आणि उडाला की एकदम पांढरा होतो. तो उडण्याआधी मान ताठ करतो आणि अंग आवळून घेतो. पक्षी पिसे साफ करायचा थांबून आपल्याकडे पाहू लागला, तर आपण जवळ गेलो आहोत असे समजून तेथेच थांबावे. फोटोसाठी खडा मारून थवा उडवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यात सकाळ घालवू नये, पण त्यांच्यासारखे वागूही नये.

घरट्यांपासून लांबच राहावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणे येते. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणे आणि रात्री घुबडावर किंवा रातव्यावर फ्लॅश मारणे हेही टाळावे.

सस्तन प्राण्यांची आशा कमी ठेवावी. मुंगूस, ससा, वानरे दिसू शकतात. बाकीच्यांच्या बहुधा पाऊलखुणाच मिळतात, आणि ओल्या काठावर सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांचा फोटो सुरेख येतो. खाण्याचे पदार्थ तंबूत उघडे ठेवू नयेत, बूट झटकून घालावेत, आणि पाण्याच्या अगदी कडेला पालथे पडण्यापूर्वी तेथे मगर आहे का, हे गावकऱ्यांना विचारून घ्यावे. पवईच्या तलावात मगरी आहेत हे आपल्याला ठाऊक असेलच. दव खूप पडते, म्हणून रात्री कॅमेरा बाहेर राहू देऊ नये, आणि पहाटे गार झालेला कॅमेरा उबदार गाडीत नेण्यापूर्वी पिशवीत बंद करावा, नाहीतर काचेवर बाष्प धरते.

एवढे करूनही मोठी लेन्स वापरून पाहायचीच असेल, तर विकत न घेता भाड्याने घ्यावी. १५०-६०० मिमीच्या लेन्स साधारण दोन किलोंच्या असतात आणि हातात धरून सवय नसेल, तर पहिल्या सकाळी त्यांचाच त्रास अधिक होतो. त्यामुळे ती दोन दिवस आधी ताब्यात घेऊन पवईच्या काठावर किंवा भांडुप उदंचन केंद्राच्या (पंपिंग स्टेशनच्या) परिसरात घारी आणि बगळ्यांवर हात बसवून मगच निघावे.