दुखणं थांबलं म्हणजे स्नायू भरला असं नाही

तुमचे प्रश्न दोन आहेत. डोंगर उतरून आलं की दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, ते लॅक्टिक ॲसिडमुळे का? आणि वेगात धावताना मांडीच्या मागे ‘टक्’ झालं, दहा दिवसांत दुखायचं थांबलं, पुन्हा धावलात तर नेमकं तिथेच परत कसं दुखावलं? बरीच वर्षं फिजिओथेरपी करतो आहे, म्हणून सांगतो: दोन्हींचं मूळ एकच आहे. दोन्ही वेळा तुमचा स्नायू जोर लावत होता आणि त्याच क्षणी लांबतही होता.

स्नायूचा एक तंतू म्हणजे एक अख्खी पेशी असते. जाडीला केसाएवढी किंवा त्याहून बारीक, पण लांबीला मांडीत कित्येक सेंटिमीटर. प्रत्येक तंतूला पातळ वेष्टण, तंतूंच्या जुडीला वेगळं वेष्टण आणि सगळ्या स्नायूवर आणखी एक. ही वेष्टणं टोकाशी एकत्र येऊन कंडरेत मिसळतात आणि कंडरा हाडाला धरते. हा स्नायू-कंडरेचा सांधा लक्षात ठेवा, बहुतेक वेळा फाटतं ते तिथेच.

तंतूच्या आत सार्कोमिअर नावाचे कप्पे एकापुढे एक लावलेले असतात. एक कप्पा साधारण अडीच मायक्रोमीटरचा, म्हणजे एका सेंटिमीटरात सुमारे चार हजार. कप्प्याच्या दोन्ही भिंतींना ॲक्टिन या प्रथिनाचे बारीक धागे आणि मधोमध मायोसिन या प्रथिनाचे जाड धागे. स्नायू आखडतो तेव्हा यातला कुठलाच धागा आखूड होत नाही, ते फक्त एकमेकांत सरकतात. १९५४ साली ‘नेचर’मध्ये एकाच वेळी दोन शोधनिबंधांतून हे मांडलं गेलं: एक ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा, दुसरा अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ निडरगर्क यांचा. (दोन्ही हक्सलींचं एकमेकांशी नातं नव्हतं.) प्रत्येक कप्पा अर्धा मायक्रोमीटर जरी मिटला, तरी सेंटिमीटरभर तंतू दोन मिलिमीटरनं आखडतो.

मज्जातंतूकडून इशारा आला की तंतूच्या आत साठवलेलं कॅल्शियम मोकळं होतं. त्यामुळे ॲक्टिनवरचा पडदा बाजूला सरकतो आणि मायोसिनची डोकी ॲक्टिनला पकडून ओढतात. एका ओढीत काही नॅनोमीटर, मग सोडायचं, पुढे पकडायचं. यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट अशी की पकड सुटायलाच एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागतं. मृत्यूनंतर शरीर ताठ होतं त्याचं कारण हेच. एटीपी संपतं आणि पकड सुटत नाही.

आता तुमचा उतार. खाली पाय टाकताना गुडघा वाकत जातो आणि मांडीचा पुढचा स्नायू ब्रेक लावत लांबत जातो. मायोसिननं धरून ठेवलेलं असतं आणि शरीराचा भार ती पकड जबरदस्तीनं सोडवत असतो. अशा कामात थोड्याच तंतूंवर मोठा ताण येतो. काही कप्पे गरजेपेक्षा जास्त ताणले जातात, त्यांच्या भिंती विस्कटतात. मग तिथे दाह सुरू होतो, म्हणून दुखणं उशिरा येतं आणि एक ते तीन दिवसांच्या दरम्यान सर्वांत जास्त असतं. लॅक्टेट (तुम्ही ज्याला लॅक्टिक ॲसिड म्हणता ते) तर व्यायामानंतर तासाभरात मूळ पातळीवर येतं, दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याचा दोष त्याला देऊ नका. थोड्या दिवसांनी तोच डोंगर पुन्हा उतरा, बरंच कमी दुखेल. स्नायू या कामाला फार लवकर सरावतो.

हॅमस्ट्रिंगचं, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूचं, गणित थोडं वेगळं आहे. तो बैठकीच्या हाडापासून गुडघ्याखालपर्यंत जातो, म्हणजे खुबा आणि गुडघा असे दोन सांधे ओलांडतो. वेगात धावताना पाऊल जमिनीला टेकायच्या जरा आधीचा क्षण डोळ्यांसमोर आणा: मांडी पुढे आलेली, गुडघा उलगडतोय. स्नायू दोन्हीकडून ताणलेला, आणि पुढे फेकलेला पाय थोपवायचा त्यालाच. तो त्याच क्षणी फाटतो.

फाटलेल्या जागी सॅटेलाइट पेशी (तंतूंलगत सुप्त असणाऱ्या दुरुस्तीच्या पेशी) जाग्या होऊन नवे तंतू बनवतात. पण मधली भेग व्रणाच्या ऊतीनं सांधली जाते आणि ती भार घेण्यालायक व्हायला दुखणं थांबल्यानंतरही बरेच आठवडे जातात. शिवाय ती स्नायूएवढी ताणत नाही, त्यामुळे शेजारच्या तंतूंना जास्त ताणावं लागतं. दहाव्या दिवशी तुमचं दुखणं गेलं होतं, भेगेचा सांधा कच्चाच होता.

निव्वळ विश्रांतीनं हा सांधा पक्का होत नाही, त्याला भार हवा. पहिले दोन-चार दिवस जपा. मग न हलवता जोर लावणं, मग सावकाश हालचाल आणि शेवटी लांबत असताना जोर: गुडघ्यांवर उभं राहायचं, कुणीतरी घोटे घट्ट धरायचे आणि धड सरळ ठेवून जमेल तितकं हळू पुढे सोडायचं. दाबून दुखत नाही, ताण दुसऱ्या पायाइतका जातो आणि पाय लांब असतानाही ताकद सारखी आहे, हे तिन्ही जुळल्याशिवाय पूर्ण वेगात धावू नका. तिथून पुढेही वेग टप्प्याटप्प्यानंच वाढवा.

मांडीला मुका मार लागला असेल तर सुरुवातीच्या दिवसांत जोरात चोळू नका, शेकूही नका. आतला रक्तस्राव वाढतो आणि कधी कधी त्या जागी चक्क हाड तयार होतं.

आणि काही वेळा वाट पाहायचीच नसते. बोटाला खड्डा लागतो, मोठा काळानिळा डाग उतरतो आणि पायावर भार घेता येत नाही, तर कंडरा हाडापासून सुटली असण्याची शक्यता आहे. अतिश्रमानंतर लघवी गडद तपकिरी झाली, तर स्नायूतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन मूत्रपिंडात जातंय. माराच्या मानाने वेदना फारच जास्त, पोटरी दगडासारखी घट्ट आणि पाऊल बधिर, तर आतला दाब रक्तपुरवठा अडवतोय. या तिन्हींत त्याच दिवशी रुग्णालय गाठा, शेवटच्यात तर तासही दवडू नका.