काचबिंदूचे थेंब आणि बुबुळावरचे ठिपके

प्रश्न : माझी आई ७१ वर्षांची असून काचबिंदूसाठी चार वर्षांपासून दोन बाटल्यांतील थेंब डोळ्यांत घालते. हल्ली तिचे डोळे चुरचुरतात. पोथी वाचताना अक्षरे धूसर होतात आणि पापण्या मिटून उघडल्या की पुन्हा स्पष्ट दिसतात. तपासणीत बुबुळावर बारीक ठिपके आढळले. थेंब बंद करावेत का?

उत्तर : परस्पर मुळीच बंद करू नयेत. काचबिंदूमुळे दृष्टीच्या मज्जातंतूची झालेली हानी भरून येत नाही. बुबुळावरील पारदर्शक पडद्याचे, म्हणजे पारपटलाचे, असे वरवरचे ठिपके मात्र कारण दूर झाल्यावर बहुधा भरून येतात.

पापणी मिटल्यावर अक्षर स्पष्ट होते, यावरून दोष अश्रूंच्या थरात असावा असे वाटते. अशा तक्रारींत पुष्कळदा औषधापेक्षा त्यातील परिरक्षकाचा, विशेषतः बेन्झाल्कोनियम क्लोराइडचा, वाटा मोठा असतो. हे रसायन बाटलीत जंतू वाढू देत नाही; पण त्याचा स्वभाव साबणाचा असल्यामुळे ते अश्रूंवरील तेलकट थर फोडते आणि पारपटलाच्या बाह्य पेशींमधील घट्ट सांधे सैल करते. दोन्ही बाटल्यांत ते असेल, तर मारा दुप्पट होतो. फ्लुरोसीन हा तपासणीचा रंग डोळ्यात घालून निळ्या प्रकाशात पाहिले की दुखावलेल्या पेशी हिरव्या ठिपक्यांसारख्या चमकतात. आईंच्या डोळ्यांत दिसले ते बहुधा हेच. टिमोलॉलसारखे काचबिंदूचे औषध अश्रूही कमी करू शकते.

डॉर्झोलामाइड या काचबिंदूच्याच दुसऱ्या औषधाची गोष्ट निराळी आहे. पारपटलाच्या आतील थरातील पेशी तेथील पाणी सतत बाहेर काढत असतात, आणि त्या मुळातच कमी असतील तर या औषधाने क्वचित सूज येते. तेव्हाचा धूसरपणा सकाळी उठल्यावर अधिक असतो, दिवस चढेल तसा ओसरतो आणि पापणी मिटल्याने जात नाही. तसे असल्यास पुढील तपासणीची वाट पाहू नये.

डॉक्टरांना परिरक्षकविरहित थेंबांविषयी किंवा दोन्ही औषधे एकत्र असलेल्या बाटलीविषयी विचारावे. काही रुग्णांत लेझरनेही थेंब कमी करता येतात. कोरडेपणासाठीचे कृत्रिम अश्रू दिले, तर तेही परिरक्षकविरहितच मागावेत, कारण तीच चूक तिसऱ्या बाटलीतून घरात येते. एका वेळी एकच थेंब पुरे. दुसरे औषध निदान पाच मिनिटांनी घालावे. भेटीला जाताना चिठ्ठीऐवजी बाटल्याच सोबत न्याव्यात, म्हणजे लेबलवरील परिरक्षक तेथेच वाचता येईल.