जुनी फ्लाय रील (फ्लाय-फिशिंगच्या गळाची दोरी गुंडाळायची फिरकी) खाऱ्या पाण्यात वापरावी, की नुसती कपाटात ठेवावी?

वापरा की! फिन-नॉरची पायऱ्यापायऱ्यांची 'वेडिंग केक', मायामीची सीमास्टर किंवा १९७६ सालची बिली पेट, या रीली टार्पनसारख्या दांडग्या माशासाठीच बनल्या. खोका-कागदांसह कोरी मिळाली तर मात्र ठेवून द्या. एका ओरखड्यानेही किंमत उतरते.

विकत घेताना बाहेरची चमक बघू नका, स्पूल (दोरी गुंडाळलेली चकरी) काढा. आतली कॉर्कची चकती महत्त्वाची. बोटाला ती किंचित मऊ, तेलकट लागली पाहिजे. कोरडी, चकचकीत झाली असेल तर ड्रॅग (सुटणाऱ्या दोरीचा ब्रेक) झटके देतो आणि मासा पळताना लीडर (दोरीच्या टोकाचा बारीक धागा) तुटतो. अशा कॉर्कला नीट्सफूट तेल (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं) हलक्या हाताने चोळतात. स्टीलच्या स्क्रूभोवती अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी दिसली तर मीठ आत शिरलंय, तिथे किमतीची घासाघीस कराच.

मासेमारी झाली की गोड्या पाण्याने हलकेच धुवा (जोराचा फवारा मीठ आणखी आत ढकलतो), आणि ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा, नाहीतर कॉर्क दबलेलाच राहतो. आणि हो, डायरेक्ट ड्राइव्ह (दोरी सुटताना हँडलही फिरतं अशी रील) असेल तर मासा धावताना हँडलपासून बोटं लांब!