बुसा भाषेत ॲपचं भाषांतर करायचं आहे, दर काय पडेल?

दराचं नंतर बघू. आधी सांगा, कुठली बुसा?

थट्टा करत नाहीये. मी लोकलायझेशनचं काम बघते आणि याच नावाने एकदा चांगलीच ठेच खाल्ली आहे. क्लायंटने दिलेल्या जुन्या शब्दसूचीवर भाषेचा कोड होता ‘बीयूएस’. दिसायला अगदी बुसाचाच, म्हणून आम्ही डोळे झाकून पुढे धाडली. भाषांतरकाराने दोन दिवसांत परत पाठवली: ही आमची भाषाच नाही! ‘बीयूएस’ हा कोड बोकोबारूचा, म्हणजे नायजेरियात कायामाकडे बोलतात तिचा. बुसाचा कोड ‘बीक्यूपी’ आणि बेनिनमधल्या बोकोचा ‘बीक्यूसी’. तिघी बहिणी, पण चुली वेगळ्या. वर पापुआ न्यू गिनीतल्या ओदिआई भाषेलाही बुसा म्हणतात, तिचं या घराशी काही नातं नाही.

तुम्हाला नायजेरियातल्या बोर्गू भागातली हवी असेल, तर तपासणारा माणूस न्यू बुसा गावचा शोधा. जुनं बुसा 1968 साली काइंजी धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्या भागात हौसा ही दुसरी भाषा सर्रास चालते, त्यामुळे ‘मला बुसा येते’ म्हणणारा लिहिताना हौसाकडे घसरतो का, ते नमुन्यातच पाहून घ्या.

आता लिपी. अक्षरं रोमन, पण भाषा सुरांची. सूर बदलला की शब्द बदलतो. शिवाय स्वर नाकातून उच्चारायचा असेल तर त्यावर नागमोडी रेघ येते. आपण 1962 च्या नियमांत न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले आणि फारसं काही अडलं नाही; इथे ती रेघ गळली तर अर्थच जातो. एकाच स्वरावर रेघ आणि सुराची खूण दोन्ही आली की स्वस्त फोनवर फॉन्ट कसा दिसतो, हे स्वतः पाहा. स्क्रीनशॉटवर विसंबू नका.

वाक्यरचनेत कर्म क्रियापदाआधी येतं, आपल्यासारखंच. मात्र ‘बाजारात’, ‘चाकूने’ असले शब्द क्रियापदानंतर जातात. त्यामुळे ‘तुम्हाला’ + आकडा + ‘संदेश आले’ असे वाक्याचे तुकडे कोडमध्ये जोडू नका. पूर्ण वाक्य द्या, आकड्याची जागा भाषांतरकाराला ठरवू द्या.

दर विचारण्याआधी वीसेक वाक्यं दोन भाषांतरकारांकडून वेगवेगळी करून घ्या, आणि त्यांना ती मोठ्याने वाचायला लावा.